हॉस्पिटलमधल्या स्क्रीन: रुग्ण, नातेवाईक आणि छोट्या हॉस्पिटलांचे नेहमीचे प्रश्न

मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे. हॉस्पिटलमधली यंत्रं बसवणं, तपासणं, बिघडली की दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. एक्स-रेच्या खोलीपासून आयसीयूच्या दारापर्यंत हिंडताना लोक जे विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही रुग्णांचे आणि नातेवाइकांचे आहेत, काही नवीन हॉस्पिटल उभं करणाऱ्या डॉक्टरांचे.

शेवटी मॉनिटरच तो. एक्स-रे बघायच्या मॉनिटरला एवढे पैसे कशाला मोजायचे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक्स-रेला रंग नसतो. त्याला जे काही सांगायचं असतं ते काळ्या आणि पांढऱ्याच्या मधल्या छटांतून. फुप्फुसाभोवती हवा साठली असेल, तर छातीच्या एक्स-रेत बरगड्यांच्या आतल्या बाजूने केसाएवढी एक रेघ दिसते. रेघेच्या अलीकडचा करडा आणि पलीकडचा करडा यांत फरक अगदी थोडा असतो. मॉनिटरने तो फरक गिळला, की रेघ फाइलमध्ये असते पण डॉक्टरांच्या डोळ्यांपर्यंत पोचत नाही. मनगटाच्या हाडाला गेलेली बारीक चीर असो की स्तनातले चुन्याचे कण, गोष्ट तीच.

पूर्वी फिल्म व्ह्यू बॉक्सवर, म्हणजे आतून दिवा लागणाऱ्या पेटीवर, लावून बघत. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेच्या, फिल्मसाठी तो बॉक्स ३००० कॅन्डेला प्रति चौरस मीटर इतका उजळ असावा, अशी अपेक्षा असे. ऑफिसातला साधा मॉनिटर २५० ते ३०० च्या आसपास असतो, आणि डोळ्यांना त्रास होतो म्हणून आपण तो आणखी मंद करून ठेवतो. अमेरिकेतल्या रेडिओलॉजी संघटनांच्या मानकानुसार निदानाच्या मॉनिटरला किमान ३५० आणि मॅमोग्राफीच्या मॉनिटरला किमान ४२० लागतात. आपल्याकडचे बरेच रेडिओलॉजिस्टही हेच आकडे धरून चालतात.

पण नुसता उजेड पुरत नाही. आपला डोळा काळोख्या छटांमध्ये एका तऱ्हेने फरक ओळखतो आणि उजळ छटांमध्ये दुसऱ्या तऱ्हेने. वैद्यकीय चित्रांसाठी जगभर 'डायकॉम' नावाचं मानक वापरतात. त्याच्या चौदाव्या भागात डोळ्याचा हा स्वभाव धरून एक वक्ररेषा ठरवून दिली आहे. मॉनिटर त्या रेषेवर बसवला, की एका छटेकडून पुढच्या छटेकडे जाताना डोळ्याला प्रत्येक पायरी सारखीच वाटते. मग सोलापुरात काढलेला एक्स-रे पुण्यातल्या डॉक्टरांनी उघडला तरी दोघांना सारखाच दिसतो. चांगल्या मेडिकल मॉनिटरमध्ये उजेड मोजणारा सेन्सर आतच असतो. बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा दिवा, म्हातारी व्हायला लागली की तो भरपाई करतो, आणि वर्षानुवर्षं उजळपणा एका पातळीवर धरून ठेवतो. तुम्ही पैसे मोजता ते या स्थिरपणाचे.

मग घरचा मोठा फोर-के टीव्ही लावला तर? तो तर केवढा झगमगीत असतो.

रिपोर्टिंगसाठी, म्हणजे एक्स-रे बघून निदान लिहायला, लावू नका. टीव्ही चित्र 'सुंदर' करून दाखवतो. गडद भाग आणखी गडद करतो, कडा धारदार करतो, दृश्य बदललं की उजळपणा आपणहून कमी-जास्त करतो. क्रिकेट बघताना हे छान वाटतं. एक्स-रेमध्ये मात्र ही लबाडी ठरते, कारण हाडाची कडा खरोखर तशी आहे की टीव्हीने तशी केली, हे कुणालाच सांगता येत नाही. विद्यार्थ्यांना शिकवायला किंवा मीटिंगमध्ये केस दाखवायला तो खुशाल वापरा.

सीटी स्कॅनमध्ये डॉक्टर माउसने चित्र सारखं उजळ-काळं करत बसतात. ते काय करत असतात?

सीटीचं यंत्र शरीराच्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा देतं. पाण्याला ०, हवेला उणे १०००, घट्ट हाडाला हजारापर्यंत किंवा त्याच्याही पुढे. हे मोजमाप गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावाने ओळखतात. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये त्यांच्या यंत्रावर पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. १९७९ मध्ये त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

आकडे हजारोंनी असतात, आणि साध्या स्क्रीनकडे करड्याच्या छटा फक्त २५६. म्हणून डॉक्टर त्या लांब पट्टीतला हवा तेवढाच तुकडा निवडतात आणि सगळ्या छटा त्यावर पसरवतात. याला 'विंडो' म्हणतात. मेंदू बघताना तुकडा अगदी अरुंद ठेवतात, साधारण ८० आकड्यांचा, कारण मेंदूतल्या पांढऱ्या आणि करड्या भागांत अंतरच तेवढं थोडं असतं. फुप्फुसासाठी तोच तुकडा १५०० चा होतो. त्यामुळे एकाच स्कॅनमध्ये एका विंडोत फुप्फुस म्हणजे नुसता काळा डाग, आणि दुसऱ्या विंडोत त्याच जागी झाडाच्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या. तुमच्या हातात येणाऱ्या फिल्मवर यातल्या निवडक विंडोच छापलेल्या असतात. म्हणूनच 'फिल्म नको, सीडी आणा' असं दुसरे डॉक्टर सांगतात.

रिपोर्टिंग रूम अंधारी का ठेवतात? तिथे खिडकी केली तर काय बिघडतं?

खूप बिघडतं. एका हॉस्पिटलमध्ये नवा मॉनिटर आल्यापासून 'काळा भाग राखाडी दिसतो' अशी तक्रार होती. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, मॉनिटर निर्दोष निघाला. मी दुपारी चारला गेलो तेव्हा कळलं. रेडिओलॉजिस्टच्या पाठीमागे पश्चिमेची खिडकी, आणि उतरतं ऊन थेट काचेवर. बंद मॉनिटरमध्ये मला माझ्या शर्टाची बटणं मोजता येत होती. सतराशे रुपयांचा जाड पडदा लावला आणि तक्रार मिटली.

खोलीतला उजेड स्क्रीनवर पडून परततो आणि काळ्या भागावर पांढुरकी साय धरल्यासारखी दिसते. २५ ते ५० लक्स इतका मंद, सारखा पसरलेला उजेड चांगला. पूर्ण काळोखही नको. त्यात उजळ स्क्रीनकडे बघून डोळे लवकर शिणतात. बाहेरच्या उन्हातून आत आल्या आल्या रिपोर्टिंगला बसू नये, डोळे सरावायला काही मिनिटं द्यावीत. रेडिओलॉजिस्टचा पांढरा कोटसुद्धा स्क्रीनवर उमटतो. मी जमेल तिथे गडद रंगाचा कोट सुचवतो.

आमचं वीस खाटांचं हॉस्पिटल आहे. पाच मेगापिक्सेलचा मॉनिटर घ्यायलाच हवा का?

मॅमोग्राफी असेल तर हो. स्तनातले चुन्याचे कण अर्ध्या मिलिमीटरहून लहान असू शकतात आणि कॅन्सरची पहिली खूण तेवढीच असते. तिथे पाच मेगापिक्सेलवर तडजोड करू नये. पाच असूनही पूर्ण चित्र एका वेळी मावत नाही, डॉक्टरांना तुकड्या-तुकड्याने मोठं करून बघावं लागतंच.

मॅमोग्राफी नसेल, तर डिजिटल एक्स-रेसाठी तीन मेगापिक्सेलचा चांगला मॉनिटर पुरतो. सीटी-एमआरआयला त्याहून कमीतही भागतं, कारण सीटीचा एक काप मुळात ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचाच असतो. माझा सल्ला असा की मेगापिक्सेलच्या मागे धावण्याआधी मॉनिटरचं कॅलिब्रेशन, म्हणजे उजळपणा आणि छटा मोजून पुन्हा बरोबर बसवणं, कोण, किती महिन्यांनी करणार आणि त्याचं रेकॉर्ड कुठे राहणार, हे विक्रेत्याकडून कागदावर लिहून घ्या. मी तीन मेगापिक्सेलचे नीट राखलेले मॉनिटर पाहिलेत आणि पाच मेगापिक्सेलचे बेवारस झालेलेही. रोजचं काम मला नेहमी पहिल्यावर करावंसं वाटलं. बजेटमध्ये चांगल्या यूपीएसचीही जागा ठेवा. ग्रामीण भागात व्होल्टेज वरखाली होतं, आणि मॉनिटरची पॉवर सप्लाय त्यानेच मरते.

मॉनिटर उतरत चाललाय हे आमचं आम्हाला कळू शकतं का?

कळतं. टीजी-१८ क्यूसी नावाचं एक चाचणीचित्र असतं, बहुतेक मेडिकल मॉनिटरच्या सॉफ्टवेअरमध्ये ते मिळतं. त्यात काळ्या चौकोनात थोडा कमी काळा चौकोन आणि पांढऱ्या चौकोनात थोडा कमी पांढरा चौकोन लपलेला असतो. दोन्ही दिसायला हवेत. काळ्यातला दिसेनासा झाला, तर खोलीतला उजेड वाढलाय किंवा मॉनिटर ढळलाय. सकाळी पहिला रिपोर्ट उघडण्याआधी अर्धा मिनिट लागतं. देवाला दिवा लावावा तसं हे टेक्निशियनच्या हाताला लागलं पाहिजे.

एक्स-रेचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर दुसऱ्या डॉक्टरांना पाठवला तर चालतो का?

'ताबडतोब घेऊन या' की 'सकाळपर्यंत थांबलं तरी चालेल' एवढं ठरवायला तो उपयोगी पडतो, आणि गावाकडे त्याने जीव वाचलेत. पण पक्कं निदान त्यावर मागू नका. फिल्मवर ट्यूबलाइटची चमक येते, ॲप फोटो दाबून लहान करतं, आणि समोरचे डॉक्टर कदाचित उन्हात, गाडीत बसून तो बघत असतात. फोटो काढावाच लागला, तर फिल्म खिडकीकडे धरू नका, व्ह्यू बॉक्सवर लावा, खोलीतले दिवे बंद करा आणि फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही. फिल्मच्या कोपऱ्यातलं रुग्णाचं नाव झाका. तो फोटो पुढे कोणकोणत्या ग्रुपवर जाईल हे तुमच्या हातात राहत नाही.

आयसीयूत बाबांच्या डोक्याशी मॉनिटर आहे. त्यातलं काय बघायचं?

आधी बाबांकडे बघा. त्यांचा श्वास, चेहऱ्याचा रंग, ते ओळखतात का, हात दाबतात का. काचेपलीकडून तास-तास फक्त आकड्यांवर नजर लावून बसलेले नातेवाईक मी रोज बघतो. आकडा ९४ चा ९२ झाला की त्यांच्या काळजाचा ठोका चुकतो. त्यांच्यासाठी हे थोडं सांगून ठेवतो.

सगळ्यात वरची टोकं काढणारी रेघ म्हणजे ईसीजी, तिच्या शेजारचा आकडा हृदयाचे ठोके. रेघ बहुतेक वेळा हिरवी असते, पण रंग कंपनीप्रमाणे बदलतात. बोटाला लावलेल्या चिमट्यातून ऑक्सिजनचा आकडा येतो. चिमट्यात लाल आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश असतात, आणि रक्त त्यांतला कुठला किती शोषतं यावरून हिशेब होतो. नाडीच्या ठोक्यावरून हे मोजायची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात काढली. करोनात घराघरांत आलेलं ऑक्सिमीटर त्याचंच.

हा आकडा फसवू शकतो. हात गार पडला, रुग्ण हलला, नखाला नेलपॉलिश असलं, तर तो घसरतो. उलट गडद त्वचेवर कधी कधी तो प्रत्यक्षापेक्षा जास्तही दाखवतो, म्हणून डॉक्टर रक्ताची तपासणी करून खात्री करतात. शिवाय प्रत्येकाचा 'बरा' आकडा वेगळा. फुप्फुसाच्या काही जुन्या आजारांत डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात, तिथे ९८ करण्याचा हट्ट घातक ठरतो. सिस्टरना एकच प्रश्न विचारा: 'यांच्यासाठी किती चांगला धरायचा?'

अलार्म वाजत राहतो आणि सिस्टर शांत असतात. दुर्लक्ष होतंय का?

बहुतेक वेळा नाही. लाल रंगात चमकणारा अलार्म म्हणजे ताबडतोब, चमकणारा पिवळा म्हणजे लवकर या, आणि स्थिर पिवळा किंवा निळसर म्हणजे तार सुटली, चिमटा निसटला अशा बारीक गोष्टी. अनुभवी सिस्टर आवाजावरूनच ओळखतात. ऑक्सिजन उतरला की नाडीच्या 'टिक्-टिक्'चा सूरही खाली येतो, आणि पाठमोऱ्या उभ्या सिस्टर तो ऐकून वळताना मी पाहिल्या आहेत.

पण यात एक खरी अडचण आहे आणि ती झाकू नये. आयसीयूतल्या बहुतांश अलार्मना काही करण्याची गरज नसते. दिवसभर असे आवाज ऐकून कान मरतात, मग खरा अलार्मही त्यांत हरवण्याची भीती असते. उपाय साधे आहेत. छातीवरचे इलेक्ट्रोड, म्हणजे ईसीजीच्या तारांच्या चिकट चकत्या, रोज बदलायचे, त्वचा पुसून कोरडी करून लावायचे, आणि अलार्मच्या मर्यादा त्या रुग्णाप्रमाणे बसवायच्या. कारखान्यातून आलेल्या मर्यादा तशाच ठेवलेले मॉनिटर दिसले की मला राग येतो, कारण दोन मिनिटांचं काम असतं ते.

आईला आयसीयूत रात्री झोपच लागत नाही, बरळायला लागली आहे. स्क्रीनच्या उजेडाचा संबंध असेल?

एकट्या स्क्रीनचा दोष नाही. आजार, औषधं, वेदना, ओळखीचं माणूस जवळ नसणं, सगळं त्यात येतं. पण रात्र आणि दिवस यांतला फरक पुसला जाणं हे त्यातलं एक कारण आहे, आणि ते आपल्या हातातलं आहे. निळसर उजेड मेंदूला 'अजून दिवस आहे' असं सांगतो आणि झोपेचं मेलाटोनिन दबतं. बहुतेक मॉनिटरमध्ये नाइट मोड असतो: उजळपणा आणि आवाज खाली येतो, नर्सिंग स्टेशनवरच्या मोठ्या स्क्रीनवर सगळं पूर्ववत दिसत राहतं. तो रात्री लावता येईल का, असं सिस्टरना विचारा. आजारामुळे शक्य नसेल तर त्या सांगतील. मॉनिटरचं तोंड रुग्णाच्या नजरेसमोरून थोडं बाजूला वळवलं तरी फरक पडतो. दिवसा खिडकीचा पडदा उघडा, चष्मा आणि कानाचं यंत्र आईला द्या, मोठ्या आकड्यांचं घड्याळ समोर लावा.

सोनोग्राफीत बाळ दाखवत का नाहीत? परदेशात तर दाखवतात.

परदेशातल्या बहिणीने पाठवलेला व्हिडिओ बघून हा प्रश्न येतो, आणि विचारणाऱ्या मुलीचा हिरमुसलेला चेहरा मला समजतो. आपल्याकडे यामागे एक दुखरा इतिहास आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर मुलगी दिसली म्हणून किती गर्भ पाडले गेले. त्याविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ मध्ये. देशाचा कायदा १९९४ साली झाला. लिंग शब्दाने, खुणेने किंवा कोणत्याही मार्गाने सांगणं गुन्हा आहे, आणि गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीची एफ फॉर्ममध्ये नोंद करावी लागते. त्यामुळे कित्येक डॉक्टर सावधपणे स्क्रीन स्वतःकडेच ठेवतात.

बाळाचं हृदय धडधडताना दाखवायला कायद्याची आडकाठी नाही. काही डॉक्टर चित्र तिथे थांबवून आईला दाखवतात, ठोके ऐकवतात. विचारून बघा. त्यांनी नकार दिला तर तो मनाला लावून घेऊ नका.

एमआरआयच्या बोगद्यात भीती वाटते. आत स्क्रीन असते असं ऐकलंय.

आत साधी स्क्रीन नेताच येत नाही. १.५ टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असतं आणि ते बंद नसतंच, रात्रीसुद्धा. म्हणून चुंबकाला चालेल अशी खास स्क्रीन बोगद्याच्या मागच्या तोंडाशी ठेवतात आणि डोक्याभोवती लावतात त्या पिंजऱ्यासारख्या कॉइलवर छोटा आरसा बसवतात. आडवं पडल्या पडल्या त्या आरशात चित्र दिसतं. लहान मुलं कार्टून बघत निपचित पडून राहिली, तर काहींना भूल द्यायची गरज उरत नाही. ही सोय सगळीकडे नाही, अपॉइंटमेंट घेताना विचारा. ती नसली तरी नुसता आरसा मागा. त्यातून पायांकडची उघडी बाजू आणि टेक्निशियनची काच दिसते, आणि बरीच घुसमट तेवढ्यानेच कमी होते.

ओपीडीतल्या टोकनच्या बोर्डवर मराठी असं तुटकं का दिसतं?

सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडाक्षरं जुळवता येत नाहीत म्हणून. 'प्रसूती विभाग' ऐवजी 'प् रसूती विभाग' असं मी स्वतः वाचलं आहे, आणि त्याखाली उभ्या आजी सुनेला विचारत होत्या, 'काय लिहिलंय गं?' बोर्ड घेण्याआधी विक्रेत्याला 'क्ष-किरण', 'प्रसूती', 'शस्त्रक्रिया', 'ज्येष्ठ' हे चार शब्द स्क्रीनवर दाखवायला सांगा. तिथेच कळतं. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार असतो, म्हणून अक्षर इंग्रजीपेक्षा मोठं ठेवावं लागतं. सोबत आवाजात नंबर पुकारा. सगळ्यांना वाचता येतं असं नाही, आणि मोतीबिंदूच्या ओपीडीत तर वाचता न येणारेच बसलेले असतात.

बोर्डवर नाव नको, फक्त नंबर. त्वचारोग, मानसोपचार किंवा एचआयव्हीच्या दालनाबाहेर पूर्ण नाव झळकणं म्हणजे अख्ख्या तालुक्याला सांगणं.

वॉर्डात टीव्ही असावा का?

असावा, पण सगळ्यांवर लादलेला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वॉर्डात रात्रीचा आवाज सरासरी ३० डेसिबलच्या आसपास हवा, आणि बातम्यांवरच्या भांडणाला तो कुठला पेलणार. मुका टीव्ही आणि खाली अक्षरं, किंवा खाटेला इअरफोन, हे चांगलं. आषाढात ऑर्थोच्या वॉर्डात एक वारकरी आजोबा होते, खुब्याचं हाड मोडलेलं. वॉर्डबॉय मामांनी त्यांची खाट टीव्हीसमोर वळवून दिली. रिंगणात घोडा धावताना त्यांचे हात आपोआप जोडले गेले, आणि त्या सकाळी त्यांनी फिजिओथेरपीला नकार दिला नाही.

स्क्रीन कशाने पुसायची?

मायक्रोफायबरच्या फडक्याने, कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेल्याच द्रावाने. द्राव फडक्यावर घ्यायचा, स्क्रीनवर थेट फवारायचा नाही, तो कडेने आत उतरतो. ब्लीच नको. रिपोर्टिंगच्या मॉनिटरवर बोट ठेवून 'इथे बघा' म्हणण्याची सवय मोडा. तो तेलकट ठसा उद्या कुणाला तरी फुप्फुसातली गाठ वाटू शकतो.

आमचा स्कॅन आम्हाला बघायला मिळतो का? फिल्म जपून कशी ठेवायची?

मिळतो, तो तुमचाच आहे. डॉक्टरांना म्हणा, 'स्क्रीनवर एकदा दाखवता का?' बरेच जण आनंदाने मॉनिटर वळवतात. गाठ केवढी, कुठे, हे डोळ्यांनी बघितल्यावर पुढचं बोलणं पुष्कळ सोपं होतं. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने कागदपत्रं मागितली, तर ती ७२ तासांत द्यायची असतात. रिपोर्टबरोबर सीडी किंवा लिंक मागून घ्या आणि तिची एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर ठेवा. हल्लीच्या बऱ्याच फिल्म उष्णतेने छापतात, उन्हात गाडीच्या काचेपाशी राहिल्या तर काळ्या पडतात. कपाटात उभ्या ठेवा, त्यांना घडी घालू नका, लॅमिनेशन करू नका, आणि पाकिटावर तारीख ठळक लिहा. पुढच्या स्कॅनच्या वेळी डॉक्टर सगळ्यात आधी जुना स्कॅन मागतील.